मागच्या एक्सलचा आवाज आणि कानसाहेबांची कांडी

गाडीच्या मागच्या एक्सलमधून आवाज येतोय, हे अख्ख्या गल्लीला ऐकू येत होतं. येत नव्हतं ते फक्त गाडीच्या मालकाला. आणि खरी पंचाईत तिथंच होती, कारण मालकाला लोक कानसाहेब म्हणायचे.

हे नाव चेष्टेनं पडलेलं नव्हतं बरं का. माणसानं पाणीखात्यात एकतीस वर्षं कानावर पगार खाल्ला. जमिनीखाली पाइप कुठं फुटलाय ते शोधायचं काम. हातात कमरेएवढी लोखंडी कांडी, तिच्या वरच्या टोकाला रुपयाएवढी चकती. कांडी रस्त्यावर टेकवायची, चकतीला कान लावायचा, डोळे मिटायचे. आजूबाजूची माणसं श्वास रोखून उभी. मग कानसाहेब सरळ व्हायचे आणि दोनच शब्द बोलायचे, "इथं खणा." खणलं की पाणी! एकतीस वर्षांत एकच खड्डा कोरडा निघाला, आणि तोही खणणाऱ्यानं दीड फूट डावीकडं खणला म्हणून. निदान कानसाहेबांचं म्हणणं तसं होतं, आणि त्यांच्या तोंडावर दुसरं म्हणायची कुणाची टाप नव्हती.

निवृत्त झाल्यावर या माणसानं गाडी घेतली. दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची, कापडी टपाची, एके काळी लाल. वय वर्षं बावन्न. आत बसायचं तर आधी पाय घालायचे, मग बूड, मग उरलेला माणूस घडी करून. का घेतली ते विचारू नका. बायकोनं सुद्धा विचारायचं सोडून दिलं होतं. पण एक सांगतो, त्या गाडीत बसलेला कानसाहेब आणि खाली उतरलेला कानसाहेब ही दोन वेगळी माणसं होती. बसलेला पंचवीस वर्षांचा असायचा.

तर गाडी फिटनेसला नेली. तपासणीच्या आवारात साहेबानं ती एकच फेरी फिरवली, खाली उतरला, बूड झटकलं आणि कागदावर लिहिलं : 'मागच्या एक्सलला आवाज. एकवीस दिवसांत दुरुस्त करून दाखवणे. अन्यथा नोंदणी रद्द.'

नोंदणी रद्द म्हणजे गाडी भंगारात. मधला रस्ता नाही.

"आवाज?" कानसाहेब म्हणाले. "कसला आवाज? साहेब, एकतीस वर्षं मी पाणीखात्यात..."

साहेबानं मान सुद्धा वर केली नाही. मागच्या ट्रककडं हात केला आणि ओरडला, "पुढचा!"

कानसाहेबांना तो अपमान फार लागला. घरी येईपर्यंत ते एकटेच बोलत होते. म्हणजे त्यांना वाटत होतं एकटेच. शेजारी बसलेली बायको मध्ये मध्ये उत्तरं देत होती.

"अहो, येतोय आवाज," ती म्हणाली. "मी महिनाभर सांगतीय."

"तुला काय कळतंय आवाजातलं?"

बायको खिडकीबाहेर बघत बसली. गाडी मागून एखाद्या रुसलेल्या मांजरासारखी रडत होती आणि फुटपाथवरची माणसं वळून वळून बघत होती. कानसाहेबांना वाटलं, गाडीच्या रूपाला भुललीत.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. चांगला माणूस, हातात कला, पण कानसाहेबांचा भक्त. त्याच्या दुकानाखालची पाइप कानसाहेबांनीच शोधली होती.

"साहेब, आवाज कसा येतोय? घुर्र, का कटकट, का शिट्टी?"

"तू ऐक की."

"मी?" मिस्त्रीनं जीभ चावली. "तुमच्यासमोर मी कान लावू? लोक हसतील मला. तुम्ही फक्त सांगा, मी खोलतो."

बघा आता. दुसरा कुणी असता तर मिस्त्रीनं त्याला बाजूला बसवून स्वतः गाडी फिरवली असती, आणि पाच मिनिटांत निकाल लागला असता. पण इथं साक्षात कानसाहेब. कानसाहेबांनी डोळे मिटले. कपाळाला आठी घातली. बराच वेळ काहीच ऐकलं नाही आणि म्हणाले, "घुर्र."

"मग चाकाची बेअरिंग!" मिस्त्री खूश.

बेअरिंग काढायला चार दिवस लागले. एक नट बावन्न वर्षांत हललेला नव्हता आणि आता हलायची त्याची इच्छा नव्हती. बेअरिंग ओढायचं हत्यार तुटलं. दुसरं आणलं, ते मिस्त्रीच्या अंगठ्यावर पडलं. नवीन बेअरिंग आली ती दुसऱ्याच गाडीची. ती परत गेली, बरोबर आली, बसली, चाकं चढली. कानसाहेब गाडीत बसून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले आणि जाहीर केलं, "गेला आवाज! एकदम शांत!"

गल्लीतले सगळे आपापल्या पायांकडं बघत होते.

बोलला तो मेव्हणा. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, वय पंचावन्न, देहानं भरघोस, तोंडाला कुलूप नाही. त्याला मुद्दाम शेजारी बसवून चक्कर मारली, तर हा पहिल्या वळणावरच म्हणतो, "भावोजी, ही अजून रडतीय की."

"कोण?"

"गाडी. ताई अशीच रडायची लहानपणी, पेन्सिल हरवली की."

मग काय, गल्लीला तोंड फुटलं. सगळे महिनाभर सल्ले पोटात दाबून बसले होते. समोरचे बँकवाले काका म्हणाले, एक्सलच्या तेलात मूठभर लाकडाचा भुसा टाका, जुन्या गाड्या विकणारे असंच करतात, दोन दिवस चिडीचूप. कानसाहेब म्हणाले, मला गाडी विकायची नाही, चालवायचीय. खालचा टेलर म्हणाला, माझ्या मशीनला अस्संच झालं होतं. पुढं त्या मशीनचं काय झालं ते त्यानं अर्धा तास सांगितलं आणि शेवटी कळलं, त्यानं ती टाकून दिली. वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, मागं वजन टाका, आवाज दबतो. हे सोपं होतं म्हणून केलं. डिकीत वाळूची दोन पोती ठेवली. पहिल्याच खड्ड्यात एक फुटलं, आणि त्या दिवसापासून गाडी रडता रडता वाळू सांडायला लागली. तीन दिवस गल्लीतल्या लोकांना कानसाहेब कुठं कुठं जाऊन आले ते नुसतं रस्ता बघून कळत होतं.

मुदत वाढवून घ्यावी म्हणून कानसाहेब तपासणी कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईंनी एक फॉर्म दिला. नाव, पत्ता, गाडीचा नंबर, सगळं झकास भरलं. मग एक रकाना आला : 'आवाजाचे स्वरूप.' कानसाहेबांचं पेन तिथंच अडलं. बराच विचार करून त्यांनी लिहिलं, 'मध्यम.'

"हे प्रमाण झालं," बाई म्हणाल्या. "स्वरूप लिहा. घरघर, खरखर, शिट्टी, काय ते."

"अंदाजे चालेल?"

"आजोबा, गाडी तुमचीय ना?"

आजोबा! एकतीस वर्षं ज्याच्या एका शब्दावर रस्ते फुटले, त्याला आजोबा! कानसाहेबांनी फॉर्मची घडी केली, खिशात घातली आणि चालत घरी आले. एकवीसपैकी बारा दिवस गेले होते.

घरी बायको दारातच उभी होती. तिनं पाणी दिलं आणि समोर बसली.

"दूधवाल्यानं आज तीनदा बेल वाजवली. तुम्ही दाराच्या शेजारी बसून पेपर वाचत होतात."

"लक्ष नव्हतं."

"काल फोन. परवा माझी हाक. अहो, केव्हापासून?"

कानसाहेबांनी पाण्याचा तांब्या गोल गोल फिरवला. "झाले सहासात महिने," ते म्हणाले. "डावा गेला आधी. मग उजवा पण रुसला. बारीक आवाज तर येतच नाहीत." मग एकदम चिडून, "पण हे सांगायचं कुणाला गं? बाकीच्यांचे जातात ते नुसते कान जातात. माझं तर नावच गेलं!"

बायको हसली नाही. तिनं तांब्या त्यांच्या हातातून काढून घेतला.

"डॉक्टरकडं जाऊ."

"जाऊ. पण आधी गाडी. डॉक्टर म्हणणार औषध घ्या, महिन्यानं या. तोवर ती भंगारात."

"मग मिस्त्रीला खरं सांगा. तो ऐकेल."

"मरेन, पण सांगणार नाही."

तेवढ्यात, आता ही गोष्ट अशी आहे की खोटी वाटेल, कानसाहेबांची नजर कोपऱ्यातल्या कांडीवर गेली. आणि त्यांना त्यांचा पहिला मुकादम आठवला. तो म्हातारा गर्दीच्या चौकात, जिथं गाड्यांच्या गोंगाटात काही सुधरायचं नाही, तिथं कान लावायचाच नाही. दोन्ही कानांत बोळे घालायचा आणि चकतीची कड दातात धरायचा. म्हणायचा, हाडाला सगळं कळतं.

कानसाहेब ताडकन उठले. कांडी फ्रिजला टेकवली. चकती दातात धरली.

बायकोनं त्यांचे डोळे मोठे होताना पाहिले.

"उं! उंऽऽ!" कानसाहेब ओरडले. कांडी सोडून, "अगं, घरघरतोय! फ्रिज घरघरतोय!"

"तो नेहमीच..."

पण ऐकायला कानसाहेब थांबतायत कुठले! नळाला कांडी, नळ गातोय! भिंतीवरच्या पंख्याला कांडी, पंखा कुरकुरतोय! सगळ्या घरातून हा माणूस तोंडात लोखंड धरून पळतोय आणि लहान पोरासारखा हुंकार देतोय. शेवटी त्यांनी कांडी शेजारच्या भिंतीला लावली. पलीकडं राहणाऱ्या घरमालकिणीकडं समोरचे बँकवाले काका गप्पा मारायला आले होते. काकांचा आवाज भिंतीतून, कांडीतून, दातांतून सरळ मेंदूत आला :

"...अहो, त्याला ऐकूच येत नाही. सगळ्या गल्लीला माहीत आहे. कोण सांगणार त्याला?"

कानसाहेबांनी कांडी हळूच खाली घेतली.

"काय ऐकलंत?" बायकोनं विचारलं.

"पाइप ठीक आहे त्यांची," ते म्हणाले.

मग त्यांनी बाह्या वर सारल्या. "भावाला बोलाव तुझ्या. उद्या सकाळी गाडी काढायची. तू चालवणार."

"मी?"

"मी डिकीत असणार."

बायको वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकली होती, पण लाल गाडीला कानसाहेबांनी तिला कधी हात लावू दिला नव्हता. त्यामुळं सकाळी सात वाजता ती डोक्याला रुमाल बांधून, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरून तयार होती. डोळ्यांत अशी काही चमक की मेव्हणा घाबरला. मेव्हण्यानं शेजारी बसून काट्यावरचा वेग बघायचा आणि वहीत लिहायचं. डिकीच्या तळाला एक भोक होतं, त्यातून कांडी सरळ एक्सलच्या मधल्या गोळ्यावर टेकत होती. त्या गोळ्यात दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकून फिरतात. इंजिनाची ताकद तिथून चाकांना जाते. कानसाहेब आत आडवे झाले, उरलीसुरली वाळू मानेत, चकतीला फडकं गुंडाळून ती दातात. तोंड बंद असल्यानं बोलायची सोय नव्हती, म्हणून खुणा ठरल्या. एक ठोका म्हणजे वेग वाढव, दोन म्हणजे पाय काढ, तीन म्हणजे थांब.

गाडी निघाली. आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा कानसाहेबांना ती ऐकू आली!

काय सांगू तुम्हाला! बारीक, लांब, रडका सूर, जबड्यातून कवटीत आणि कवटीतून टाचेपर्यंत. 'शिट्टी!' कानसाहेब मनात ओरडले. 'घुर्र नाही, शिट्टी! गाढवा, शिट्टी!' हे स्वतःला. त्यांनी ठोका दिला. बायकोनं पाय दाबला. शिट्टी चढली. दोन ठोके. पाय निघाला, आणि शिट्टी गप्प! चाकं तर तेवढीच फिरतायत, तरी गप्प! पुन्हा ठोका, पुन्हा रडली. दोन ठोके, गप्प. आनंदानं कानसाहेब एक-दोन-एक-दोन ठोकत सुटले, आणि पुढं बायको पाय दाबतीय, सोडतीय, दाबतीय, सोडतीय, गाडी बेडकासारखी चाललीय, मेव्हण्याची वही एकदा मांडीवर, एकदा नाकावर.

"ताई, हळू! पंचेचाळीस! बावन्न! ताई, अगं साठ!"

"तेच सांगतायत मला! ठोका ऐकला नाहीस?"

गतिरोधक तिला दिसला, पण उशिरा. गाडी उडाली, खाली आली, एक्सल वर आला, एक्सलबरोबर कांडी वर आली. कानसाहेबांच्या दाढेवर बसवलेली धातूची टोपी निघून वाळूत पडली. त्यांनी तीन ठोके दिले. घाईत ते सात झाले.

आणि त्या सात ठोक्यांनी चौकातला पोलीस वळला. दोन सीटची लाल गाडी, चालवणारी बाई डोक्याला रुमाल बांधून, शेजारी घामाघूम जाडा माणूस, आणि डिकीतून कुणीतरी ठोकतंय. त्यानं शिट्टी फुंकली.

"डिकीत काय आहे?"

"माझे मिस्टर," बायको म्हणाली.

पोलिसानं टोपी सारखी केली. "जिवंत?"

"म्हणजे काय! ऐकतायत ते."

डिकी उघडली. आत केस विस्कटलेले, गालावर काळं तेल, तोंडात लोखंडी कांडी, आणि चेहऱ्यावर असं हसू की लग्नाच्या फोटोत सुद्धा नव्हतं.

"शिट्टी!" कानसाहेब ओरडले. "क्राउन-पिनियन! ती दातेरी चाकं! बेअरिंग नाहीच!"

"हे काय बोलतायत?" पोलिसानं मेव्हण्याला विचारलं.

"हवालदारसाहेब, ते पाणीखात्यात होते," मेव्हणा म्हणाला, जणू त्यात सगळं आलं.

सांगून सांगून पंधरा मिनिटं गेली. मग पोलिसाचा आवाज जरा उतरला. तो म्हणाला, माझी मोटरसायकल पण काहीतरी कुरकुरते, बघता का? कानसाहेबांनी रस्त्यावरच तिला कांडी लावली, दातात धरली आणि निदान सांगितलं : साखळी सैल. सलाम ठोकून पोलिसानं त्यांना वाट करून दिली, पण डिकीत बसायची मात्र पुन्हा परवानगी दिली नाही. मेव्हण्याला उतरून चालत यावं लागलं.

मिस्त्रीसमोर कानसाहेब उभे राहिले तेव्हा छाती फुगलेली होती. "मी तुला घुर्र सांगितलं," ते म्हणाले. "चूक माझी. मला कानानं ऐकू येत नाही. पाय दाबला की शिट्टी, सोडला की गप्प. आता खोल."

मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला. "कानानं ऐकू येत नाही, मग हे कळलं कसं?"

"चावून."

"बापरे," मिस्त्री म्हणाला. त्याची भक्ती दुप्पट झाली.

गोळा खोलला. दातेरी चाकांचे दात कुठं टेकतात ते बघायला दातांना रंग लावून फिरवतात. रंग संपलेला. बायकोनं पर्समधली लिपस्टिक काढली, जी एकदाच वापरली होती. लाल दातांची चाकं फिरवली, तर खूण दातांच्या नुसत्या टोकाला उमटली. लहान चाक पुरतं आत शिरतच नव्हतं, टोकाटोकानं भेटत होतं, म्हणून रडत होतं. त्याच्या मागं एक पातळ चकती हवी, कागदाहून थोडी जाड. बावन्न वर्षांच्या गाडीची चकती कुठं मिळणार? मिस्त्रीनं पोलादी पत्र्यातून हातानं कापली. पहिली जाड झाली, चाक फिरेना. दुसरी कापताना दुखऱ्या अंगठ्यालाच लागलं. तिसरी बसली. लिपस्टिकची खूण दाताच्या बरोबर मध्यावर आली, आणि मिस्त्री, बायको, मेव्हणा आणि टेलर, टेलर कधी आला कोण जाणे, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गल्लीबाहेरच्या मैदानात, पोलिसाची नजर चुकवून, कानसाहेब पुन्हा डिकीत आडवे झाले. एक ठोका. दोन ठोके. एक. दोन. गप्प, गप्प, गप्प!

एकविसावा दिवस. तपासणीच्या आवारात पुढं रांग, मागं ट्रकच ट्रक. साहेब तोच. गाडी घेऊन त्यानं एक फेरी मारली. बायकोनं कानसाहेबांचा दंड धरला होता, मेव्हण्यानं बायकोचा. साहेब उतरला, बूड झटकलं आणि एक कागद पुढं केला.

"इथं सही करा."

छापलेलं होतं : 'वाहनात कोणताही आवाज नसल्याची मी स्वतः ऐकून खात्री केली आहे.'

पेन हातात होतं. सही केली की सुटका. बायको कानात म्हणाली, "करा ना!" अर्थात ते त्यांना ऐकू आलं नाही. पण पेन खाली आलं.

"साहेब," कानसाहेब मोठ्यानं म्हणाले, इतक्या मोठ्यानं की रांग गप्प झाली, "हे खोटं होईल. मला ऐकू येत नाही. एकतीस वर्षं लोकांनी मला कानसाहेब म्हटलं, पण आता येत नाही. 'ऐकून' खोडा आणि 'चावून' लिहा. मग करतो सही."

साहेब त्यांच्या ओठांकडं टक लावून बघत होता. मग जवळ आला, अगदी जवळ.

"पुन्हा बोला," तो म्हणाला. "तोंड माझ्याकडं करून."

कानसाहेब पुन्हा बोलले. साहेबानं मागं वळून ट्रकांकडं बघितलं, मग कानसाहेबांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "सव्वीस वर्षं इथं उभा आहे. हॉर्न, ब्रेक, इंजिनं. माझे तर दोन्ही गेले. कुणाला सांगितलं नाही."

"मग तुम्हाला माझ्या एक्सलचा आवाज कळला कसा?"

साहेबानं लाजत मागं हात नेला. "बुडाला कळतो. सीटमधून. तुमची गाडी तेव्हा बुडाखाली थरथरत होती. आज नाही." त्यानं 'ऐकून' खोडलं, वर 'चावून' लिहिलं, शेजारी स्वतःची सही केली आणि शिक्का असा मारला की टेबल हललं. "पास!"

बायकोनं मेव्हण्याला मिठी मारली. मेव्हण्यानं टेबलाला.

"पण," साहेब म्हणाला, "चावून म्हणजे काय?"

कानसाहेबांनी डिकीतून कांडी काढली. चकती पुसली. एक टोक चालू इंजिनावर टेकवलं आणि दुसरं साहेबाच्या दातांत दिलं. साहेब क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्याच्या भुवया वर गेल्या, वर गेल्या, टोपीत शिरल्या. डोळे भरून आले. त्यानं कानसाहेबांचा खांदा गच्च पकडला आणि तोंडातली कांडी न सोडता ओरडला, "उंऽऽऽ!"

"हो ना?" कानसाहेब ओरडले. "हो ना?"

मागं अकरा ट्रक, दोन टेम्पो आणि एक बस जीव तोडून हॉर्न वाजवत होते. बायको आणि मेव्हणा कानांवर हात ठेवून खाली बसले होते. इकडं साहेब आणि कानसाहेब या दोघांचं मधे उभं राहून सावकाश चाललं होतं, आता गिअरबॉक्स ऐकू या, मग रेडिएटर, घाई कसलीय, कुणी बोलावतंय का आपल्याला?